आपाला दिलेली पट्टी

परवा मधल्या सुट्टीत आमच्या शाळेतल्या एका बाईंनी मला स्टाफरूमच्या कोपऱ्यात ओढलं. इकडेतिकडे बघून हळूच म्हणाल्या, "तुम्ही ती चिकटवायची पट्टी लावता म्हणे? अंगातून वाफा येतात त्यावरची. एक पाकीट मला द्या ना. पैसे देते." मी नाही म्हणाले. त्यांचा चेहरा पडला. त्यांना वाटलं असेल, एवढीशी वस्तू आणि हिला द्यायला जड होतंय. दोन दिवस त्या माझ्याशी नीट बोलल्या नाहीत.

या नकाराचं कारण माझी मोठी बहीण आहे. हा लेख लिहिण्याआधी मी तिला विचारलं. ती म्हणाली, "लिख. लेकिन मेरा नाव मत डाल." म्हणून इथे ती फक्त आपा. आम्ही घरात दखनी बोलतो. तिचं बोलणं मी बहुतेक ठिकाणी मराठीत करून लिहिलं आहे.

आधी माझं सांगते. 2021 साली, वयाच्या 44व्या वर्षी माझी पिशवी काढली. गाठी होत्या, रक्तस्राव थांबत नव्हता, हिमोग्लोबिन सातवर आलं होतं. ऑपरेशन करायला लागलंच असतं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती वेगळी. पिशवीबरोबर दोन्ही अंडाशयंही काढली आणि त्यानंतर शरीरात काय होणार, हे मला कुणी सांगितलं नाही. डिस्चार्जच्या कागदावर टाके कधी काढायचे, जड उचलायचं नाही, तिखट कमी खायचं, एवढं होतं. अंडाशयं गेली की इस्ट्रोजेन एका दिवसात तुटतं. ज्या बाईची पाळी आपोआप जाते तिच्या शरीराला काही वर्षं मिळतात सवय व्हायला. मला मिळाली नाहीत.

दहाव्या दिवशी पहिली वाफ आली. छातीतून सुरू झाली आणि मान, कान, कपाळापर्यंत चढली. मला वाटलं टाक्यांमुळे ताप आलाय. मग दिवसातून दहा-बारा वेळा. रात्री गादी ओली. वर्गात फळ्यावर लिहिताना घाम टिपायला ओढणी पुरत नसे आणि पाचवीतली पोरं विचारायची, "मॅडम, तुम्ही पळत आलात का?" नमाजला उभी राहिले की सूरह अर्ध्यात विसरायची. झोप नाही, म्हणून चिडचिड. चिडचिड, म्हणून घरात भांडण. शेजारच्या खाला म्हणाल्या नजर लागली असेल. मी ताबीजही बांधला, खोटं कशाला सांगू.

जवळपास एक वर्ष असं गेल्यावर एका स्त्रीरोगतज्ज्ञ डॉक्टर मॅडमचं नाव कळलं. आमचं मिरज तसं डॉक्टरांचंच गाव, गल्लीगल्लीत दवाखाना. पण 'पाळी गेल्यावर होतं असं, सहन करायचं' यापलीकडे जाणारं माणूस मला तोवर भेटलं नव्हतं. या मॅडमनी अर्धा तास प्रश्न विचारले. पहिलाच प्रश्न होता, "पिशवी आहे की काढली?" मग शेवटची पाळी कधी, घरात कुणाला स्तनाचा कॅन्सर, रक्ताची गाठ झाली होती का, लिव्हरचा आजार, बीपी, डोकेदुखी. मी उत्तरं देत गेले. शाळेत फॉर्म भरताना जात, जन्मतारीख, पत्ता विचारतात, तसेच हे प्रश्न, असं मला वाटलं. तो पहिला प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा होता हे मला फार उशिरा कळलं.

त्यांनी मला पॅच लिहून दिला. आम्ही त्याला पट्टीच म्हणतो. पारदर्शक, पातळ, पोस्टाच्या मोठ्या तिकिटाएवढी. तिच्यात एस्ट्राडायोल असतं, म्हणजे आपलं अंडाशय जे हार्मोन बनवतं तेच. माझी पट्टी दिवसाला 50 मायक्रोग्रॅम सोडते. 25, 75 आणि 100 च्याही असतात. गोळी का नको, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, गोळी पोटातून आधी लिव्हरमध्ये जाते आणि तिथे रक्त गोठवणारे घटक वाढवते, त्यामुळे शिरेत गाठ व्हायची शक्यता वाढते. कातडीतून गेलेलं औषध थेट रक्तात उतरतं, आणि नेहमीच्या डोसमध्ये ती शक्यता वाढल्याचं दिसत नाही. माझं वजन जास्त आणि आमच्या अम्मीच्या पायात एकदा गाठ झालेली. म्हणून पट्टी.

गावातल्या दुकानात ती मिळाली नाही. एका मेडिकलवाल्यानं मागवून दिली. आठ पट्ट्यांचं पाकीट, चार आठवड्यांचं. काळ्या पिशवीत गुंडाळून, जणू चोरीचा माल.

पट्टी लावणं सोपं दिसतं, पण मी पहिल्या महिन्यात बहुतेक सगळ्या चुका केल्या. पहिली पट्टी बरोबर सलवारच्या नाडीखाली लावली. दुसऱ्या दिवशी नाडीनं घासून तिची कड सुटली. दुसरी लावली ती अंघोळीनंतर अंगाला खोबरेल चोळून. ती संध्याकाळपर्यंतही टिकली नाही. मॅडमनी मग समोर बसवून समजावलं. जागा कमरेच्या खालची: ओटीपोट, कुल्ल्याचा वरचा भाग किंवा मांडीचा वरचा भाग. नाडी, पेटीकोट, बेल्ट घासणार नाही अशी. स्तनांवर किंवा त्यांच्या जवळ कधीच नाही. कातडी स्वच्छ, कोरडी. तेल, क्रीम, पावडर काही नको, खरचटलेली किंवा पुरळ आलेली नको. अंघोळ झाल्यावर अंग पूर्ण सुकू द्यायचं, मग पट्टी लावून तळहातानं दहा सेकंद दाबून धरायची. पुढची पट्टी दुसऱ्या बाजूला, आणि त्याच जागी परत यायला निदान एक आठवडा जाऊ द्यायचा. मध्येच गळून पडली तर नवी लावायची, पण बदलायचा वार तोच ठेवायचा. राहून गेली म्हणून एकदम दोन लावायच्या नाहीत. मनानं कात्रीनं कापायची नाही.

एक चूक मात्र मला माहीतच नव्हती. थंडीत कंबर दुखायची म्हणून मी गरम पाण्याची पिशवी घेऊन झोपायची, नेमकी पट्टीवरच. सकाळी डोकं जड, छाती दुखरी. उष्णता लागली की पट्टीतून औषध जास्त वेगानं आत जातं. तेव्हापासून शेक दुसऱ्या बाजूला, आणि पट्टीवर थेट ऊनही नाही.

आणि काढलेली पट्टी. तिच्यात औषध शिल्लक असतं. चिकट बाजू आत घालून दुमडायची, कागदात गुंडाळायची आणि पोरांच्या, मांजराच्या हाताला लागणार नाही अशी कचऱ्यात टाकायची. संडासात नाही. माझ्या भाच्याची तीन वर्षांची मुलगी एकदा मोरीतून वापरलेली पट्टी उचलून कपाळाला टिकलीसारखी चिकटवून आली होती. सगळे हसले. मी हसले नाही.

माझी पट्टी आठवड्यातून दोनदा बदलायची. मॅडम म्हणाल्या, कुठलेही दोन वार ठरवा, तीन-चार दिवसांच्या अंतरानं. मी सोमवार आणि गुरुवार ठरवले. आमच्याकडे पीर आणि जुमेरात हे नफल रोज्यांचे वार; अम्मी आयुष्यभर ते रोजे ठेवायची. माझ्याकडून रोजे होत नाहीत, पण वार विसरले जात नाहीत.

पंधरा दिवसांत वाफा कमी झाल्या. दोन महिन्यांनी मी एका रात्री सलग सहा तास झोपले. सकाळी फजरला उठले तेव्हा गादी कोरडी होती. मी तिच्यावर हात फिरवत बसले होते.

मग 2023 चा रमजान आला, मार्चच्या शेवटी. मला प्रश्न पडला, अंगावर औषध चिकटवलेलं असताना रोजा होतो का? नवऱ्याला मशिदीत विचारायला लाज वाटली, मलाही त्याला पाठवायला लाज वाटली. शेवटी मुलींच्या मदरशात शिकवणाऱ्या एका आलिमाबाजींना फोन केला. त्यांनी न अडखळता सांगितलं की कातडीतून शोषलं जाणारं औषध, मलम, औषधी पट्टी यांनी रोजा तुटत नाही; 1997 साली जेद्दाहच्या आंतरराष्ट्रीय फिक्ह अकादमीनं तसा ठरावही केला आहे. वुजूचा तर प्रश्नच नव्हता, कारण पट्टी वुजूच्या अवयवांवर नसते. गुस्लचं विचारलं तेव्हा त्यांनी इलाजाच्या पट्टीचा मसला समजावला आणि जमेल तेव्हा पट्टी बदलायच्या दिवशीच गुस्ल करायची सोय सांगितली. तुमच्या मनात हा प्रश्न असेल तर तुमच्या ओळखीच्या आलिमांना विचारा, पण विचारा. औषध सोडून रोजे ठेवणाऱ्या किंवा रोजे सोडून अपराधी वाटून घेणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. दोन्हीची गरज नसते.

त्या ईदला आपा आली. ती इचलकरंजीला असते. घरात चार माग, दिवसभर खटखट, आणि मागाच्या खोलीत उन्हाळ्यात उभं राहणं म्हणजे तंदुरीत उभं राहणं. माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी, तेव्हा 52 ची. पाळी जाऊन दोन वर्षं झालेली. शीरखुर्मा ढवळताना तिला वाफ आली. चमचा पातेल्यात टाकून ती तशीच मागच्या दारात जाऊन उभी राहिली. मी पाणी घेऊन गेले तर ती रडत होती. दोन वर्षं ती धड झोपलेली नव्हती. दुलाभाई बाहेरच्या खोलीत झोपायला लागले होते. सुनेवर विनाकारण ओरडायची आणि मग मोरीत जाऊन रडायची. तिनं विचारलं, "तू इतनी अच्छी कैसी दिखती गे?"

मी तिला पट्टी दाखवली.

"मेरेकू भी दे ना गे वो पट्टी."

मी म्हटलं, डॉक्टरांकडे चल. तिनं मान हलवली. "डॉक्टर पिशवी निकालते. तेरी निकाले ना?" ही भीती खोटी नव्हती. 2019 मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या कशा सर्रास काढल्या जात होत्या, त्याच्या बातम्या तिनं टीव्हीवर पाहिल्या होत्या. तिच्या गल्लीतही तीन बायका होत्या. शिवाय वाफांसाठी दवाखान्यात जायचं म्हणजे घरी सांगायचं आणि पैसे मागायचे. मला तिची दया आली. आणि खरं सांगायचं तर मला अभिमानही वाटला. लहानपणापासून तिनं मला दिलं होतं. फ्रॉक, पुस्तकं, माझ्या डीएडच्या फीसाठी तिची बांगडी. आज मी तिला काहीतरी देऊ शकत होते. मी कपाटातून न फोडलेलं पाकीट काढलं आणि तिच्या पर्समध्ये ठेवलं. कुठे लावायची, कधी बदलायची, कशी दुमडायची, सगळं नीट शिकवलं. माझ्या सगळ्या चुका तिला सांगितल्या, म्हणजे तिच्या होऊ नयेत.

मग दर महिन्याला मेडिकलवाल्याकडून मी एकाऐवजी दोन पाकिटं आणायला लागले. त्यानं विचारलं नाही, मी सांगितलं नाही. आपा फोनवर हसायला लागली. ती झोपायला लागली. तिची सून मला म्हणाली, "खाला, अम्मींना काय झालंय? गाणी म्हणतात मागावर." आठ महिने गेले.

डिसेंबरात तिला डाग दिसला. आधी थोडा, मग चार दिवस चांगला. मला तिनं सांगितलं नाही. तिला वाटलं पाळी परत आली. पट्टीनं जवानी परत आली असं तिनं स्वतःशीच हसण्यावारी नेलं. नमाज मात्र अडली. पढावी की नाही, हे कळेना, म्हणून तिनं आलिमाबाजींनाच फोन केला. त्यांचा नंबर मीच दिलेला. त्यांनी विचारलं, "पाळी जाऊन किती झालं?" अडीच वर्षं. "औषध काही घेतेस का?" आपा म्हणाली, नाही. कारण पट्टी आमच्या दोघींतलं गुपित होतं. बाजी म्हणाल्या, "नमाजचा मसला मी सांगते. पण रक्त का आलं ते डॉक्टर सांगतील. उद्याच जा."

तेव्हा तिनं मला फोन केला. मी तिला माझ्याच मॅडमकडे घेऊन गेले. मला अजून काही सुचलेलं नव्हतं. गाडीत मी तिला धीर देत होते, काही नसेल, थंडीनं झालं असेल.

मॅडमनी तेच प्रश्न सुरू केले. "पिशवी आहे की काढली?" आपा म्हणाली, आहे. आणि त्या क्षणी, त्या खुर्चीत बसल्या बसल्या, मला दीड वर्षापूर्वीचा माझा फॉर्म आठवला. मॅडमनी पुढचा प्रश्न विचारला, "हार्मोनचं काही औषध?" आपानं माझ्याकडे पाहिलं. तिनं 'नाही' म्हणायला तोंड उघडलं होतं, माझ्यासाठी. लहानपणी मी काच फोडली की ती असंच तोंड उघडायची.

मी म्हटलं, "पट्टी लावते. माझी. मीच दिली. आठ महिने."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. ओरडल्या नाहीत. त्यांनी कागदावर उलट्या पेरूसारखी एक आकृती काढली आणि आम्हा दोघींना समजावलं. ते मी इथे माझ्या शब्दांत सांगते, कारण ते समजून घ्यायलाच मी हा लेख लिहायला घेतला.

पिशवीला आतून अस्तर असतं. इस्ट्रोजेन त्या अस्तराला वाढवतं. प्रोजेस्टेरॉन नावाचं दुसरं हार्मोन त्या वाढीला आवर घालतं आणि पाळीच्या वेळी ते अस्तर गळून जातं. बाहेरून नुसतं इस्ट्रोजेन दिलं तर अस्तर वाढतच राहतं, त्याला आवरणारं कुणी नसतं. वाढता वाढता त्यातल्या पेशी बिघडू शकतात आणि पुढे कॅन्सर होऊ शकतो. हे आजचं ज्ञान नाही. नुसत्या इस्ट्रोजेनमुळे गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर वाढतो हे 1975 मध्येच अमेरिकेतल्या डॉक्टरांनी छापलं होतं. 1990 च्या दशकात तिथे पेपी नावाची चाचणी झाली. तीन वर्षं नुसतं इस्ट्रोजेन गोळीनं घेतलेल्या दर 100 बायकांपैकी 62 जणींच्या अस्तरात कुठल्या ना कुठल्या प्रकारची जादा वाढ सापडली. ज्यांना बरोबर प्रोजेस्टेरॉनच्या गटातलं औषध दिलं, त्यांचं अस्तर औषध न घेतलेल्या बायकांसारखंच राहिलं.

म्हणून पिशवी असलेल्या बाईला पट्टी द्यायची तर तिच्याबरोबर प्रोजेस्टेरॉन द्यावंच लागतं. रात्री झोपताना घ्यायची कॅप्सूल असते, रोज किंवा महिन्यातले 12 ते 14 दिवस, डॉक्टर ठरवतील तशी. किंवा हार्मोनची कॉपर-टीसारखी कॉइल असते जी पिशवीतच बसवतात. काही पट्ट्यांमध्ये दोन्ही हार्मोन असतात. मला कॅप्सूल नव्हती, कारण मला पिशवीच नाही. माझ्यासाठी जे पूर्ण औषध होतं ते आपासाठी अर्धं होतं.

2002 साली अमेरिकेतला एक मोठा अभ्यास मध्येच थांबवला गेला आणि हार्मोनमुळे स्तनाचा कॅन्सर होतो ही बातमी जगभर गेली. डॉक्टरांनी औषधं लिहायचं सोडलं, बायकांनी घ्यायचं सोडलं. मॅडमनी त्यातलं सांगितलेलं एक मला विसरता येत नाही. त्या अभ्यासात बायकांचे दोन गट पहिल्यापासून वेगळे होते, पिशवी असलेल्यांचा आणि नसलेल्यांचा; औषधंही वेगळी. 2002 मध्ये थांबला तो पिशवी असलेल्यांचा गट. त्यात स्तनाचा कॅन्सर वर्षाला दर 10,000 बायकांमागे आठनं वाढला होता. त्या बायकांचं सरासरी वय 63 होतं आणि औषध गोळीचं होतं. पिशवी नसलेल्या, नुसतं इस्ट्रोजेन घेणाऱ्या गटात स्तनाचा कॅन्सर वाढला नाही. तो गट 2004 मध्ये थांबला, पक्षाघाताचं प्रमाण वाढलं म्हणून. आज साधारण साठीच्या आत किंवा पाळी गेल्यापासून दहा वर्षांच्या आत सुरू केलं तर बहुतेक निरोगी बायकांना त्रासाच्या मानानं फायदा जास्त, असं मानतात. पण कुठली बाई, कुठलं औषध, हे आधी बघायचं. हजारो बायकांवर अभ्यास करणाऱ्यांनी जो भेद पहिल्या दिवशी केला, तो मी माझ्या सख्ख्या बहिणीच्या बाबतीत केला नाही.

सोनोग्राफीत आपाचं अस्तर 14 मिलिमीटर निघालं. पाळी गेल्यावर रक्त आलं आणि अस्तर चार मिलिमीटरच्या वर असलं की तुकडा घेऊन तपासतात. तुकडा घेतला. रिपोर्टला आठ दिवस लागले.

त्या आठ दिवसांत मी शाळेत गेले, शिकवलं, पेपर तपासले. रात्री झोप नव्हती, आणि या वेळी ती वाफांनी गेली नव्हती. अबू दाऊदच्या संग्रहात एक हदीस आहे, लहानपणी मदरशात ऐकलेली: वैद्यकी येत नसताना जो इलाज करतो, नुकसान झालं तर जबाबदारी त्याची. तेव्हा मला ती भोंदू हकीमांबद्दल वाटली होती. इलाज करणं सुन्नत आहे, हे आपण पटकन सांगतो. ही दुसरी बाजू आपण सांगत नाही. मी आपाला खोटं औषध दिलं नव्हतं. चांगलंच दिलं होतं, प्रेमानं दिलं होतं, वापरायचं कसं तेही अगदी बिनचूक शिकवलं होतं. ते तिचं नव्हतं, एवढंच.

रिपोर्ट आला. अस्तराची जादा वाढ, पण पेशी बिघडलेल्या नाहीत. मॅडमनी सांगितलं, या प्रकारात वीस वर्षांत कॅन्सर होण्याची शक्यता शंभरात पाचपेक्षा कमी, आणि उपचारानं बहुतेकींचं अस्तर पूर्ववत होतं. पट्टी बंद केली. जानेवारी 2024 मध्ये हार्मोनची कॉइल बसवली. आपानं मॅडमना एकच गोष्ट विचारली, "पिशवी काढणार का?" मॅडम म्हणाल्या, "नाही. गरज नाही." आपा तिथेच रडली. दोन वर्षं ज्या वाक्याच्या भीतीनं ती दवाखान्यात आली नव्हती, ते वाक्य कुणी बोललंच नाही.

सहा महिन्यांनी पुन्हा तुकडा तपासला, अस्तर नॉर्मल. 2025 च्या जानेवारीत पुन्हा, तेव्हाही नॉर्मल. मधल्या काळात वाफा परत आल्या होत्याच. दुलाभाईंना सगळं सांगावं लागलं. ते आठवडाभर गप्प होते आणि मग मागाच्या खोलीत त्यांनी एक जादा पंखा बसवला. आता मॅडम म्हणतात, कॉइल अस्तर सांभाळते आहे, तुम्हाला हवी असेल तर कमी डोसची पट्टी तपासण्या करत देता येईल. आपानं अजून ठरवलेलं नाही. ठरवेल तेव्हा तिच्या नावाची चिठ्ठी असेल.

मी तिची माफी मागितली. ती म्हणाली, "तूने दी, मैंने ली. दोनों चुप बैठे." मला त्याच्यापुढे काही बोलता आलं नाही. आपाला बाजींनी विचारलं होतं, डॉक्टरांनी विचारलं होतं. मेडिकलवाल्यानं एकदा जरी विचारलं असतं तरी मी काय सांगितलं असतं? पट्टी काळ्या पिशवीतून घरी येत होती आणि आम्ही दोघी ती तशीच वापरत राहिलो.

म्हणून शाळेतल्या त्या बाईंना मी पाकीट दिलं नाही. तिसऱ्या दिवशी त्यांच्या डब्याशेजारी एक कागद ठेवला. वर मॅडमचा पत्ता, खाली प्रश्न, म्हणजे जायच्या आधी उत्तरं काढून ठेवता येतील. पिशवी आहे का? अंडाशयं आहेत का? शेवटची पाळी कधी आली? त्यानंतर एक वर्ष गेल्यावर कधी डाग दिसला का? दिसला असेल तर एकदाच, थोडासाच असला तरी आधी तो सांगायचा. स्वतःला किंवा घरात कुणाला स्तनाचा कॅन्सर? पायात, फुप्फुसात रक्ताची गाठ? हार्ट अटॅक, पक्षाघात? लिव्हर? बीपी? सध्या चालू असलेली सगळी औषधं, काढ्यांसकट आणि बहिणीकडून, जावेकडून घेतलेल्यांसकट. आणि शेवटी मी लिहिलं: पट्टी सुरू झाली की पोटरी सुजली आणि दुखली, छातीत दुखलं, दम लागला, एकाएकी दिसेनासं झालं, कधी नव्हे इतकं डोकं दुखलं तर थांबायचं नाही, लगेच दवाखान्यात जायचं. स्तनात गाठ लागली किंवा रक्त दिसलं तर पुढच्या तारखेची वाट बघायची नाही.

त्यांनी कागद वाचला, घडी घातली, पर्समध्ये ठेवला. बोलल्या नाहीत. काल विचारत होत्या, मॅडम रविवारी बसतात का म्हणून.

आज गुरुवार. शाळेतून येऊन अंघोळ केली, अंग सुकू दिलं, जुनी पट्टी काढून दुमडली, नवी डाव्या बाजूला लावली. दहा सेकंद हात दाबून धरला होता तेवढ्यात फोन वाजला. आपा दर पीर आणि जुमेरातला फोन करते. मागाची खटखट ऐकू येते आणि तिच्यावरून तिचा आवाज.

"पट्टी बदली क्या गे?"